ठसा: एका जाड, नक्षीदार सेरिफ फॉन्टच्या कामाच्या नोंदी

३ मार्च

आज फाइल उघडली एकदाची. तात्पुरतं नाव 'ठसा'. फॉन्ट रोमन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा. एकच वजन (जाडीचा एकच प्रकार) करायचंय, चांगलं जाडजूड, सेरिफवालं, म्हणजे रेघांच्या टोकांना छोट्या आडव्या पट्ट्या असलेलं, मोठ्या साइजला वापरायचं, म्हणजे पोस्टर, कव्हर, पॅकेजिंग, टायटल असल्या कामांसाठी, आणि बघताक्षणी जुन्या छपाईची आठवण व्हायला हवी. सलग मजकुरासाठी हा फॉन्ट नाहीच, १२ पॉइंटला कोणी लावला तर वाचवणार नाही आणि ते चालेल.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला तर हीच नोंद उघडून वाचता येईल. कुरतडलेल्या कडा, उडालेली शाई, ओरखडे असलं काहीही यात करणार नाही. व्हिंटेज म्हणून जे फॉन्ट मिळतात त्यातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये हेच असतं, आणि एका शब्दात दोन 'ई' आले की दोघांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसतो, तिथेच सगळं सोंग उघडं पडतं, कारण खऱ्या जुळणीत प्रत्येक खिळा (शिशाचं एकेक अक्षर) आपापल्या परीने झिजलेला असतो. मला जुनेपण हवंय ते अक्षराच्या बांधणीत. त्या काळी ते अक्षर तसं का झालं, कुठल्या हत्याराने कापलं, किती लांबून वाचायचं होतं, हे समजून घ्यायचं आणि त्याच कारणांनी आज नव्याने काढायचं.

५ मार्च

संदर्भांचा पसारा मांडला. जाड सेरिफचं मूळ शोधायला गेलं की १९व्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन येतंच. तोवर छपाईची अक्षरं मुख्यतः पुस्तकांसाठी असायची, मोठं काही छापायचं तर पुस्तकी अक्षरच मोठं करून ओतायचे. मग जाहिराती वाढल्या, लॉटरीची पोस्टरं भिंतींवर लागायला लागली आणि प्रत्येक पोस्टरला शेजारच्यापेक्षा मोठा आवाज हवा होता. इटलीचा बोडोनी आणि फ्रान्सचे दिदो या टाइपवाल्यांच्या धाटणीची अक्षरं घेऊन उभे स्टेम, म्हणजे अक्षराचे खांब, फुगवत नेले, बारीक रेषा मात्र बारीकच ठेवल्या, आणि त्यातून फॅट फेस नावाची अक्षरं आली. श्रेय बहुतेक जण रॉबर्ट थॉर्नला देतात. १८२० मध्ये त्याची फाउंड्री (टाइप ओतायचा कारखाना) विल्यम थॉरोगुडने घेतली, आणि याच फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून पुढे १८४५ मध्ये क्लॅरेन्डन नावाचं अक्षर आलं, रॉबर्ट बेझलीचं, त्याचे पंच (अक्षराचे मूळ धातूचे ठसे) कापले बेंजामिन फॉक्सने. क्लॅरेन्डन रजिस्टर केलेलं होतं पण संरक्षण तीनच वर्षांचं, ते संपल्याबरोबर बाकीच्या फाउंड्र्यांनी आपापली क्लॅरेन्डनं काढली.

मला ही गोष्ट फार आवडते की एकाच फाउंड्रीतून जाडीचे हे दोन पूर्ण वेगळे स्वभाव निघाले. फॅट फेसमध्ये जाड आणि बारीक यांच्यात टोकाचा फरक, सेरिफ म्हणजे केसाएवढी सरळ रेघ. क्लॅरेन्डनमध्ये फरक कमी, सेरिफ भक्कम आणि स्टेमला वळण घेऊन मिळालेली. 'ठसा' या दोघांच्या मधे कुठेतरी बसवायचाय, थोडा क्लॅरेन्डनकडे झुकलेला.

दुसरा मोठा टप्पा १९२२चा, ऑझ्वल्ड कूपरचं कूपर ब्लॅक. तिथे सगळी टोकं गोल, सगळं मऊ. आणि तिसरा १९६०-७०च्या फोटोटाइपचा, जेव्हा शिसं गेलं, अक्षरं फिल्मवर आली, तेव्हा अक्षराला स्वतःचा चौकोनी ठोकळा राहिला नाही आणि दोन अक्षरं हवी तेवढी जवळ आणता यायला लागली, शेपट्या एकमेकांवरून नेता यायला लागल्या. आज आपल्याला 'रेट्रो सेरिफ' म्हणून जे आठवतं ना, त्यातलं बरंचसं याच काळाने जुन्याला दिलेलं रूप आहे. म्हणजे व्हिंटेज हासुद्धा एकावर एक चढलेला थर आहे. कुठला थर आपण घेतोय हे ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर १८२०ची सेरिफ आणि १९७४ची शेपटी एकाच अक्षरात येऊन भांडत बसतात.

८ मार्च

आकडे ठरवले. ग्रिड १००० युनिटचा, म्हणजे अक्षराच्या चौकोनाची उंची १००० भागांत मोजायची. कॅपिटलची उंची ७००, स्मॉल अक्षरांची एक्स-हाइट (वरखालच्या काठ्या-शेपट्या सोडून उरलेली उंची) ५१०, म्हणजे चांगलीच मोठी. खाली लटकणारा भाग १८५, मुद्दाम आखूड, पोस्टरवर ओळी घट्ट बसवता आल्या पाहिजेत. कॅपिटलचा स्टेम २१०, स्मॉलचा १९०. बारीक रेषा ४६.

या ४६वर बराच खल केला. फॅट फेसचा खरा थाट हवा तर २०-२५ युनिट पुरे, कागदावर मोठं छापलं की काय दिसतं ते! पण स्क्रीनवर थोडं लहान झालं की ती रेघ गायबच होते आणि 'ई' चा 'सी' दिसतो. उलट बाजूने, ७०-८०पर्यंत नेलं की आडव्या रेषा जागा खायला लागतात. आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे: स्मॉल 'ई' मध्ये उभं मोजलं तर तीन आडव्या रेषा आणि दोन पांढऱ्या फटी एवढं सगळं त्या ५१० युनिटमध्ये बसवायचं असतं. आडव्या रेषा पण स्टेमएवढ्या जाड केल्या तर तीन गुणिले १९० म्हणजे ५७०, संपलंच, पांढरं उरतच नाही. म्हणून अक्षर खूप जाड करायचं तर सगळं वजन उभ्यात टाकावं लागतं आणि आडवं बारीक राहतं. फॅट फेसचा तो नाट्यमय फरक नुसती हौस नव्हती, त्याशिवाय तेवढी जाडी शक्यच नव्हती. कूपरने दुसरा रस्ता घेतला, फरक कमी ठेवला आणि आतली पांढरी जागा अगदी छोटी छोटी होऊ दिली.

११ मार्च

कॅपिटल 'एच', 'ओ' आणि स्मॉल 'एन', 'ओ' काढून झाले. या चारांवर सगळं उभं राहणार म्हणून घाई केली नाही.

'ओ' ची जाड बाजू २२४ ठेवलीय, सरळ स्टेमपेक्षा १४ युनिट जास्त, कारण गोलात जाडी फक्त एका बिंदूला पूर्ण असते आणि वरखाली निमुळती होत जाते, त्यामुळे समान आकडा दिला तर गोल अक्षर बारीक दिसतं. वरखाली १४ युनिट बाहेर काढलंय, नाहीतर 'एच' शेजारी 'ओ' बुटका वाटतो.

स्मॉल 'एन' ची कमान जिथे स्टेमला मिळते तिथे खूप जाडी साठते. लांबून बघितलं की त्या जागी काळा ठिपका दिसायचा. तिथे कमान चांगलीच खाली उतरवून निमुळती केली, पांढरी पाचर आत शिरू दिली, आता ठिपका गेला. आणि हे करताना जाणवलं की मी काळ्याकडे बघतच नाहीये, ती पाचर कशी दिसतेय, आतली जागा किती उंच वाटतेय, एवढंच बघतेय. जाड अक्षरात पांढरं इतकं कमी उरतं की जे उरतं त्याचा आकारच अक्षराचा चेहरा होतो. 'एन' च्या आत १३० युनिटची उभी पट्टी आहे, वरून गोल, खालून उघडी, एका बाजूने वर थोडी वाकलेली. ती पट्टी डौलदार आहे तोवर अक्षर डौलदार.

१५ मार्च

आज सगळा दिवस कोपरे.

लाकडी टाइपबद्दल वाचत होते. मोठी अक्षरं शिशात ओतली तर वजन अफाट व्हायचं आणि थंड होताना पृष्ठभाग सपाट राहायचा नाही. १८२७ मध्ये न्यूयॉर्कला डॅरियस वेल्सने फिरत्या कटरचं राउटर वापरून लाकडी अक्षरं करायला घेतली, पुढच्याच वर्षी त्याचा नमुनासंग्रह आला, आणि १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ जोडला, म्हणजे एकाच नमुन्यावरून लहानमोठी अक्षरं कापता यायला लागली. मेपलचं लाकूड, तेही आडवं कापून, तंतूंची टोकं वर येतील असं, म्हणजे दाबाखाली टिकायचं.

आता माझ्या कामाचा भाग. फिरतं कटर बाहेरचा कोपरा टोकदार सोडू शकतं पण आतला कोपरा टोकदार कापूच शकत नाही, तिथे कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई राहणारच. मग कारागीर सुरीने तो कोपरा साफ करायचे. म्हणजे बाहेरचे कोपरे आणि आतले कोपरे यांचा स्वभाव वेगळा, हे त्या हत्यारातच आहे. आणि शाई पुन्हा आतल्या कोपऱ्यातच साठते.

तर मी हे केलं: बाहेरचे कोपरे अगदी थोडे, ६ युनिटने मऊ केले, आतले कोपरे १८ युनिटने गोल केले. सगळे कोपरे सरसकट एकाच आकड्याने गोल करणारं फिल्टर एका क्लिकवर मिळतं, पण त्याने अक्षर साबणाच्या वडीसारखं दिसायला लागतं. आत आणि बाहेर वेगळं ठेवलं की अक्षरात शाई मुरल्याची जाणीव येते, एकही ओरखडा न काढता. प्रिंट काढून शेजारी शेजारी लावलं, एक सरसकट गोल केलेलं आणि एक हे. फरक काय आहे ते पटकन सांगता येत नाही पण नजर या दुसऱ्याकडेच जाते. आजचा दिवस फार समाधानाचा.

१९ मार्च

'एस'.

कॅपिटल 'एस' चा मधला तिरका भाग हाच सगळ्यात जाड, तो २३०पर्यंत गेलाय, आणि वरखाली दोन छोट्या पांढऱ्या खिशा उरतात. वरची खिशी लहान, खालची मोठी हवी. सारख्या केल्या तर अक्षर डोक्याकडून जड वाटतं, आपली नजरच तशी आहे, भौमितिक मध्य तिला खाली गेल्यासारखा वाटतो. फॉन्ट तयार असेल तर कुठल्याही फॉन्टचा 'एस' उलटा करून बघा, किंवा '८', वरखाली सारखं वाटणारं अक्षर उलटं केल्यावर लगेच बोजड होतं.

अडचण अशी की जाडी वाढली की मधला भाग जवळजवळ आडवा होतो आणि अक्षर साचल्यासारखं दिसतं, तो जरा उभा केला तर दोन्ही खिशा चिमटतात. मी आधी मधल्या वळणाच्या नुसत्या दोन कडा स्वतंत्रपणे काढल्या, वरच्या कडेचा सगळ्यात तिरका बिंदू आणि खालच्या कडेचा तिरका बिंदू समोरासमोर न ठेवता थोडे सरकवले, वरचा डावीकडे, खालचा उजवीकडे. त्याबरोबर वळणात जीव आला. नोड (ज्या बिंदूंमधून कड काढली जाते ते) फक्त टोकांना, म्हणजे डावं, उजवं, वर, खाली, आणि मधे जिथे वळणाची दिशा उलटते तिथे. मधे आणखी एखादा नोड टाकून पटकन दुरुस्त करावंसं वाटतं, पण तो नोड ३०० पॉइंटला प्रिंटमध्ये गाठ म्हणून दिसतो. नोडपासून निघून वळण ठरवणाऱ्या हँडलची लांबी बदलायची, नोड वाढवायचे नाहीत.

'एस' च्या दोन्ही टोकांना सेरिफ म्हणून चोच दिलीय, उभी, त्रिकोणी, आतल्या बाजूने किंचित खोलगट. खालची वरच्यापेक्षा मोठी.

२२ मार्च

स्मॉल 'ए', 'सी', 'एफ', 'आर', 'जे', 'वाय'. या सगळ्यांच्या टोकाला गोळा येतो. इथेच नक्षी सुरू होते आणि इथेच ती हाताबाहेर पण जाऊ शकते.

फॅट फेसमध्ये हे गोळे जवळजवळ पूर्ण वर्तुळ असतात, बारीक रेषेला लटकलेले. मी थेंबाकडे गेले, म्हणजे रेषेतून हळूहळू जाड होत गोल होणारा. थेंब कलमाच्या जवळचा, वर्तुळ जास्त यांत्रिक. माझ्या ४६च्या रेषेला वर्तुळ चिकटवल्यासारखं दिसत होतं, थेंब उगवल्यासारखा दिसतो. गोळ्याची रुंदी १६४, स्टेमपेक्षा कमी, कारण 'ए' मध्ये गोळ्याच्या खाली लगेच पोट येतं आणि मधली फट ४० युनिटपेक्षा कमी झाली की दोघं चिकटतात.

'आर' चा गोळा सगळ्यात मोठा ठेवता येतो, त्याच्या खाली मोकळं मैदान असतं. 'एफ' चा गोळा पुढच्या 'आय' च्या टिंबावर आदळतो, त्याची जोडाक्षरं (दोन अक्षरं मिळून एकच आकार) करावी लागणारच, यादीत टाकलं.

२७ मार्च

स्मॉल 'जी'. दुमजली ठेवायचा की एकमजली? खालची जागा १८५च आहे आणि दुमजली 'जी' ला वर एक वाटी, मधे जोड, खाली एक मोठं कडं, वर कान, एवढं सगळं लागतं. एकमजली केला असता तर सगळं सोपं झालं असतं आणि वाईटही दिसलं नसतं. पण या जातीच्या अक्षरांत 'जी' हे असं अक्षर आहे की ज्यावरून माणूस फॉन्ट ओळखतो, कान, जोड, कडं यात कारागिराला सगळ्यात जास्त वाव असतो, म्हणून दुमजलीच.

वरची वाटी बेसलाइनपर्यंत (अक्षरं जिथे टेकतात त्या रेघेपर्यंत) न आणता बरीच वर संपवली, साधारण १५०वर. त्यामुळे जोडाला आणि कड्याला जागा मिळाली. खालचं कडं पसरट, आडवं, त्याची खालची बाजू जाड आणि वरची बारीक. इथे जाडीचा नियम मोडतो, बाकी सगळीकडे उभं जाड आणि आडवं बारीक, पण 'जी' च्या कड्यात आडवं जाड असणं ही जुनीच परंपरा आहे आणि डोळ्याला ती चालते. कड्याच्या आतली पांढरी जागा म्हणजे आडवी, लांबट, पानाच्या आकाराची फट, ५२ युनिट उंच. कानाला गोळा दिलाय, 'आर' च्या गोळ्याचाच धाकटा भाऊ, जरा वर बघणारा.

३१ मार्च

तिरकी अक्षरं एका दमात. 'व्ही', 'डब्ल्यू', 'एक्स', 'के', 'एन', 'एम', कॅपिटल 'ए'. कुठली रेघ जाड आणि कुठली बारीक हे रोमन अक्षरांत रुंद टोकाच्या कलमापासून ठरलेलं आहे: डावीकडून उजवीकडे उतरणारी जाड, चढणारी बारीक. म्हणून 'व्ही' ची डावी जाड आणि 'ए' ची उजवी जाड, आणि कॅपिटल 'एन' चे उभे खांब बारीक आणि मधली तिरकी जाड, जे पहिल्यांदा काढणाऱ्याला हमखास उलटं वाटतं. (देवनागरीत कलमाचा काप उलटा असतो म्हणून तिरक्यांची जाडी बरोब्बर उलटी पडते. याची देवनागरी जोडी करणार का असं विचारणारे भेटतीलच. करायची इच्छा आहे, पण ते स्वतंत्र काम आहे, याच्या भागांवर शिरोरेषा टाकून होणारं नाही.)

'एक्स' ची बारीक रेघ जाड रेघेच्या मागून सरळ नेली तर ती तुटल्यासारखी, सरकल्यासारखी दिसते. म्हणून तिचे वरचे आणि खालचे अर्धे तुकडे मुद्दाम थोडे सरकवावे लागतात, तेव्हा कुठे ती सरळ वाटते. २१०च्या जाडीत हा भ्रम खूपच मोठा होतो, मी २० युनिटपर्यंत सरकवलंय.

'डब्ल्यू' रुंद झालाय. राहू दे, चिमटला तर आतल्या फटी बुजतात.

४ एप्रिल

स्पेसिंग. खूप जणांना हे शेवटी करायचं काम वाटतं, मला हे अक्षर काढण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, जाड फॉन्टमध्ये तर जास्तच.

तत्त्व साधं आहे, अक्षराच्या आतलं पांढरं आणि दोन अक्षरांमधलं पांढरं यांचा तोल जुळायला हवा. माझ्या 'एन' च्या आत १३०. सेरिफ धरून दोन 'एन' शेजारी ठेवले तर सेरिफांमधे ३६ ठेवली, म्हणजे स्टेम ते स्टेम साधारण १२०-१२५ येतं. 'ओ' ला बाजूची जागा अगदी कमी, ८, कारण गोल स्वतःच कोपऱ्यांत पांढरं सोडतो. मग 'एन-ओ-एन', 'एन-ओ-ओ-एन' असे तुकडे टाइप करून नुसतं बघत बसायचं, अक्षरं वाचायची नाहीत, काळ्यापांढऱ्याचा ताल बघायचा.

फोटोटाइपवाल्या काळातली घट्ट बसवण मला हवी होती, चिकटणार नाही पण श्वासही फार घेऊ देणार नाही अशी. सेरिफा अजून जवळ आणून बघितल्या, शब्द छान एकसंध दिसतो पण 'आर' आणि 'एन' शेजारी आले की त्यांचा 'एम' होतो. ३६च राहू दिली. ज्याला घट्ट हवं तो ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर) कमी करू शकतो, चिकटलेलं सोडवणं मात्र वापरणाऱ्याच्या हातात नसतं.

स्मॉल 'एम' चे तीनही स्टेम १७८ केले, आतल्या फटी १०८. १९०वर तो शब्दात भिंतीसारखा उभा राहत होता.

९ एप्रिल

मोठे प्रिंट काढून भिंतीवर लावले, काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं दोन्ही. काळ्यावर पांढरं नेहमीच जाड दिसतं, उजेड पसरतो, त्यामुळे 'ई' आणि 'ए' मधल्या फटी बुजल्यासारख्या वाटल्या. 'ई' च्या डोळ्याची फट १२ युनिटने वाढवली, आडवी रेघ थोडी खाली आणली. आता दोन्हीकडे चालतं.

खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून वाचलं. कॅपिटल 'आर' आणि 'के' ढिले वाटतात, बाकीच्यांच्या मानाने पोकळ. दोघांचा पाय आत ओढला.

१४ एप्रिल

'आर' चा पाय. म्हणजे स्वॅश 'आर', ज्याचा पाय शब्दाच्या खालून पुढे जातो. या फॉन्टमधली मला सगळ्यात जवळची गोष्ट.

पाय पोटाच्या खालून निघतो तेव्हा ५० युनिटचा आहे, उतरता उतरता जाड होत जातो, बेसलाइनला पोचतो तेव्हा पूर्ण २१०, मग बेसलाइन ओलांडून खाली वळतो, परत बारीक होतो, आडवा पसरतो आणि शेवटी थेंबाने संपतो. सगळ्यात जास्त जाडी कुठे येते यावर सगळा डौल आहे. ती बेसलाइनच्या वर आली तर पाय गुडघ्यात वाकल्यासारखा दिसतो. खाली गेली तर शेपटी जड होऊन अक्षर उजवीकडे कलंडतं. शेवटी जाडी बरोबर बेसलाइनवर आणली, म्हणजे बाकीच्या अक्षरांच्या सेरिफा जिथे वजन देतात तिथेच हा पण देतो, आणि ओळ हलत नाही. वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचे नोड समोरासमोर नाहीत, आतली कड आधी वळते. बाहेरची मागाहून सावकाश येते. कलमाने लिहितानाही असंच होतं.

याच धर्तीवर 'के', 'क्यू', कॅपिटल 'ए' ची डावी शेपटी, स्मॉल 'एच', 'एम', 'एन' ची शब्दाच्या शेवटी येणारी शेपटी, आणि 'वाय'. 'एल', 'टी' ला पण करून बघितलं, काढून टाकलं. प्रत्येक अक्षराला शेपटी असली की कुठलीच दिसत नाही.

१८ एप्रिल

ओपनटाइपचा कोड, म्हणजे फॉन्टमध्येच लिहिलेले अक्षरं बदलायचे नियम. ओपनटाइपमध्ये स्टायलिस्टिक सेट (वापरणाऱ्याला चालू-बंद करता येणारे पर्यायी अक्षरांचे गट) २० पर्यंत करता येतात पण मी दोनच करणार: पहिल्यात शब्दाच्या सुरुवातीचे आणि मधले स्वॅश, दुसऱ्यात शब्दाच्या शेवटचे. आणि 'स्वॅश' फीचरमध्ये सगळे एकत्र.

खरं काम आदळण्याचं. 'आर' च्या पायाखाली पुढचं अक्षर 'जी', 'पी', 'वाय', 'जे', 'क्यू' किंवा स्वल्पविराम आला की टक्कर होते. कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट (शेजारची अक्षरं बघून आकार बदलणारं फीचर) वापरून नियम लिहिला: स्वॅश 'आर' च्या पुढच्या तीन अक्षरांत यातलं काही असेल तर आपोआप साधा 'आर' येईल. दुसरा नियम, पाठोपाठ दोन स्वॅश आले तर दुसरा साधा होईल. वापरणाऱ्याने सगळा मजकूर निवडून स्वॅश चालू केला तरी पानाचं जंगल होणार नाही. फॉन्ट इंजिनिअरिंग बघणारा मित्र म्हणाला की हा निर्णय डिझायनरवर सोड, त्याला हवं तर आदळू दे. मला पटत नाही. ज्याला मुद्दाम आदळवायचंय तो ग्लिफ पॅनेलमधून (फॉन्टमधले सगळे आकार दाखवणाऱ्या खिडकीतून) एकेक निवडू शकतो, पण सरळ टाइप करणाऱ्याला फॉन्टने चांगलंच दिलं पाहिजे.

२३ एप्रिल

आकडे, विरामचिन्हं, चलनाची चिन्हं. '२' च्या पायाला लाट दिली, '५' च्या झेंड्याला पण. '४' उघडा नाही, बंदच. शून्य 'ओ' पेक्षा अरुंद. आडव्या रेघांची चिन्हं या फॉन्टमध्ये सोपी जातात कारण आडवं बारीकच आहे, रुपया आणि युरोच्या दोन रेघा आरामात बसल्या.

अँपरसँड (&) मात्र मनसोक्त काढला. पोस्टरवर तो एकटाच मोठा करून वापरतात.

२८ एप्रिल

इनलाइन. म्हणजे जाड स्टेमच्या आत कोरलेली पांढरी रेघ. जाड अक्षर सजवायचा हा जुना आणि सगळ्यात सभ्य प्रकार, कारण तो जिथे काळं जास्त आहे तिथेच जातो.

रेघ २८ युनिट. स्टेमच्या मधोमध ठेवली तर रेल्वेचा रूळ दिसतो, म्हणून डावीकडे सरकवली, डावीकडे ६४ आणि उजवीकडे ११८ काळं उरेल अशी. मग ती उजेडासारखी वाटते, जणू डावीकडून प्रकाश पडतोय. गोल अक्षरांत ती वळणाबरोबर निमुळती होत संपते. तिला सगळीकडे सारखी जाड ठेवता येत नाही, 'ओ' च्या वर जिथे काळंच ४६ उरतं तिथे पोचायच्या आधीच ती संपली पाहिजे. हे ऑफसेट कमांडने होत नाही, प्रत्येक अक्षरात हाताने काढतेय आणि मजा येतेय.

हे रंगीत पण करायचंय. १९व्या शतकात लाकडी टाइपवाले क्रोमॅटिक अक्षरं करायचे, एकाच अक्षराचे दोन किंवा तीन ठोकळे, प्रत्येक वेगळ्या रंगात एकमेकांवर छापायचे, आणि रंग एकावर एक आले की तिसराच रंग मिळायचा. विल्यम पेजच्या कंपनीचा १८७४चा नमुनासंग्रह बघितला की डोळे निवतात. आज तेच दोन प्रकारे करता येतं. एक म्हणजे दोन वेगळे फॉन्ट, भराव आणि इनलाइन, दोघांची रुंदी आणि कर्निंग (ठराविक जोड्यांमधलं अंतर) तंतोतंत एकच, म्हणजे एकावर एक टेक्स्टबॉक्स ठेवले की बसतात. दुसरा म्हणजे एकाच फाइलमध्ये कलर लेयर, जे आता सगळे मोठे ब्राउझर दाखवतात. छपाईवाल्यांना पहिला सोपा, वेबवाल्यांना दुसरा. दोन्ही देणार.

३ मे

कर्निंग. आधी गट केले, 'एच-आय-एन' ची डावी बाजू एक, 'ओ-सी-क्यू-जी' ची एक, असं, नाहीतर जोड्या संपतच नाहीत. 'ए-व्ही', 'टी-ओ', 'एल-वाय', 'आर' नंतर पूर्णविराम, हे नेहमीचे. स्वॅश अक्षरांना वेगळे गट, त्यांची उजवी बाजू खाली लांब गेलेली असते पण वर मोकळी असते. तिथे अॅडव्हान्स विड्थ (पुढचं अक्षर कुठून सुरू होणार ते ठरवणारी रुंदी) साध्या 'आर' एवढीच ठेवली आणि शेपटी सरळ बाहेर जाऊ दिली.

यावरूनच उभ्या मेट्रिक्सचं, म्हणजे ओळीची उंची ठरवणाऱ्या आकड्यांचं पण बघितलं. शेपट्या २६० पर्यंत खाली जातात. विंडोजचा खालचा आकडा १८५ वरच ठेवला तर काही अॅपमध्ये शेपटी कापली जाते, तो २७० केला, पण ओळींमधलं अंतर ठरवणारे बाकीचे दोन सेट घट्टच ठेवले आणि टायपो मेट्रिक्स वापरा हा फ्लॅग चालू केला.

७ मे

बीटा एक्सपोर्ट झाला, ओटीएफ, टीटीएफ आणि वेबसाठी वॉफ-टू अशा तीन प्रकारच्या फॉन्ट-फाइल. टीटीएफमध्ये वळणं क्वाड्रॅटिकमध्ये (वळण लिहायच्या जरा साध्या गणिती पद्धतीत) बदलताना 'एस' च्या मधल्या भागात बारीकशी गाठ येतेय, मोठ्या साइजला दिसते, तिथे रूपांतराची अचूकता वाढवून परत काढायला लागेल. ओटीएफ स्वच्छ आहे.

राहिलेलं: 'एफ-आय' आणि 'एफ-एफ-आय' जोडाक्षरांच्या इनलाइन आवृत्त्या, डोक्यावर उच्चारचिन्हं (É, Ï सारखी) असलेल्या कॅपिटलची उंची (वरची चिन्हं पसरट केलीत पण 'आय' वरचे दोन टिंब अजून शेजारच्या अक्षराला लागतात), आणि स्वॅश 'क्यू' ची शेपटी 'यू' च्या खालून नेमकी किती पुढे न्यायची. मला ती 'यू' च्या दुसऱ्या स्टेमच्या पुढे जायला हवीय, सध्या ती बरोबर स्टेमखाली संपते आणि तिथे काळं साठतं. उद्या तिथूनच सुरुवात.